६२ लाखांची जुनी मस्टँग: किती कमी करायचे आणि कशाच्या जोरावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकला राहता. बंगळुरूमधली २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी तुमच्या मनात भरली आहे. २६ हजार किलोमीटर चाललेली, सध्याचा मालक दुसरा, आणि तो ६२ लाख सांगतोय. मधला दलाल म्हणतो की दुसरं गिऱ्हाईक ६० ला तयार आहे, आजच टोकन टाका. तुम्ही विचारलंय, बोलणी ५० पासून सुरू करू की ५२ पासून?

त्या आकड्याचं उत्तर मी देणार नाही. गाडी न बघता जो कोणी ते देईल त्याच्यावरही विसंबू नका. माझं पुण्यात गॅरेज आहे आणि गेली अठरा वर्षं लोक मला जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी तपासायला घेऊन जातात. इतक्या वर्षांत मी पाहिलंय की ‘किती टक्के पाडून मागू’ इथून सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा चुकीची गाडी स्वस्तात घेतो, नाहीतर चांगली गाडी हातची घालवतो. आधी दुसरा प्रश्न सोडवा: ही गाडी तुमच्या नावावर, एमएच-१५ नंबर लावून, निर्धास्त चालवता येईल अशा अवस्थेत तुमच्या दारात उभी राहीपर्यंत एकूण किती रुपये जाणार?

या बेरजेत दोन प्रकारचे खर्च येतात आणि ते वेगळे ओळखण्यावर सगळी बोलणी उभी असतात. एक खर्च गाडीचे. झिजलेले टायर, लांबलेली सर्व्हिस, कधीतरी झालेली ठोकर. ही गाडी कोणीही घेतली तरी त्याला हे करावेच लागतील, म्हणून त्यांचे पैसे मालकाकडे हक्काने मागता येतात. दुसरे खर्च तुमचे. बंगळुरूहून नाशिकला आणणं, महाराष्ट्राचा कर, तुमच्या कर्जाचं व्याज. यांच्याशी मालकाचा काही संबंध नाही. त्याला बंगळुरूतच गिऱ्हाईक मिळालं तर यातला एकही खर्च निघत नाही. मग तुमचे खर्च काय कामाचे? तर आपली वरची मर्यादा कुठे आहे आणि कुठे उठून यायचं, हे त्यांच्यावरून ठरतं. लोक यात गल्लत करतात. ‘मला टॅक्स भरावा लागेल म्हणून पाच लाख कमी करा’ असं म्हटलं की मालकाला ते रडगाणं वाटतं, आणि त्यानंतर तुम्ही टायरचा रास्त मुद्दा काढलात तरी तो कान देत नाही.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा तुमचा खर्च कराचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. मस्टँग भारतात कधी बनली नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक कारखान्यातून ती पूर्ण तयार होऊन यायची. महाराष्ट्रात आयात गाडीला वाहन कराचा दर २० टक्के आहे. परराज्यातली जुनी गाडी इथे आणली की वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, पण मूळ किंमतच ७० लाखांच्या घरातली असल्यामुळे सूट जाऊनही रक्कम काही लाखांत उरते. टोकनआधी गाडीच्या मूळ इन्व्हॉइसची प्रत मागवा, नाशिकच्या आरटीओत जाऊन आकडा काढा. दलालाने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि केशरी-काळ्या रंगाची, मैलभरावरून आवाज ऐकू येणारी गाडी केए नंबरवर लपत नाही.

समजा आरटीओने सात लाख सांगितले. म्हणजे बंगळुरूची ६२ ची गाडी तुम्हाला वाहतूक वगैरे धरून सत्तरीच्या आसपास पडणार. मग तशीच, त्याच वर्षाची, मुंबई-पुण्यातली एमएच पासिंगची गाडी ६५ ला असेल तर ती स्वस्त आहे. हा हिशोब केल्याशिवाय बंगळुरूचं तिकीट काढू नका.

कराच्या बाबतीत एक मुद्दा मात्र मालकाच्या टेबलावर ठेवता येतो. गाडी कर्नाटकातून कायमची बाहेर गेली की तिथे भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हे पैसे त्याला तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला गाडी विकली तरच मिळतात, स्थानिक गिऱ्हाइकाला विकली तर मिळत नाहीत. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, पण रक्कम फुटकळ नसते. तो परतावा कोणाचा, त्याचा की तुमचा, हे भाव ठरवतानाच बोला आणि कागदावर घ्या. मी पाहिलेल्या दोन सौद्यांमध्ये, जिथे भाव अडून बसला होता, तिथे याच एका गोष्टीने गाडं पुढे सरकलं.

आता ६२ हा आकडा मुळात वाजवी आहे का? साध्या गाडीचं सोपं असतं. स्विफ्ट घ्यायची तर तुमच्या तालुक्यात पंचवीस सापडतील, चार ठिकाणी विचारलं की बाजारभाव कळतो. मस्टँगचं तसं नाही. २०१६ मध्ये ती आली तेव्हा शोरूमची किंमत ६५ लाख होती, पुढे चढत ७४ लाखांच्या वर गेली. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर विक्री थांबली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादनच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाच लिटरचं, कुठलाही टर्बो नसलेलं, ४०१ पीएस ताकदीचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन त्या किमतीत पुन्हा कोणी दिलं नाही. त्यामुळे सात-आठ वर्षांची जर्मन सेदान जशी तिसऱ्या हिश्श्यावर येते तशी ही आलेली नाही, येईल अशी वाट बघण्यातही अर्थ नाही. पण जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते. त्याच गाडीची जाहिरात किती दिवस लागलेली आहे, मध्ये आकडा बदलला का, हे बघा. तीन महिने तीच गाडी ६२ ला दिसत असेल तर ६० चं दुसरं गिऱ्हाईक कुठे आहे, याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

कागदांमध्ये मी पहिल्यांदा मागतो ती विम्याची पॉलिसी. आरसी नंतर. पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, रकाना असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर जातो. सध्याच्या मालकाकडे गाडी तीन-चार वर्षं आहे आणि रकान्यात शून्य दिसतंय, तर गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी बराच काळ खंडित होती. दोन्हींपैकी काय ते विचारा, क्लेमचे कागद मागा. ‘गाडीला ओरखडासुद्धा नाही’ म्हणणाऱ्या मालकासमोर तो रकाना ठेवला की पुढचं बोलणं खरं होतं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, एवढंही लक्षात ठेवा.

मग सर्व्हिसची फाईल. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते एका कागदावर खाली खाली लिहून काढा. २०१९ मध्ये ११ हजार, २०२० मध्ये १६ हजार, २०२२ मध्ये १४ हजार असं दिसलं तर मीटरशी खेळ झालाय आणि तिथेच विषय संपला, कितीही कमी भाव असो. किलोमीटर कमी आहेत म्हणून सर्व्हिस केली नाही, हेही नेहमी ऐकायला मिळतं. तेल वेळेनेसुद्धा बदलायचं असतं. उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर, बॅटरी, ब्रेकच्या डिस्क चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब झालेले मी पाहिलेत.

प्रत्यक्ष तपासणीला माणूस घेऊनच जा. दहा-पंधरा हजार जातील, पण ६२ लाखांपुढे ते काहीच नाहीत. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असू दे, आणि ते लोखंड व ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं हवं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. साधं चुंबकावर चालणारं यंत्र तिथे काही दाखवत नाही आणि लोक ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून नेमकी पुढची बाजू सोडून देतात. ठोकर बहुतेक वेळा तिथेच बसलेली असते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेलं की दुसऱ्यांदा रंग मारलाय. आकडा हजाराकडे गेला तर खाली पुट्टी आहे.

बॉनेटची पुढची कड खालून बोट फिरवून बघा. या गाड्यांमध्ये तिथे रंगाला बारीक फोड येतात, तांदळाच्या कणीएवढे. ॲल्युमिनियम गंजायला लागल्याची ती खूण. नुसता वरून रंग मारला तर वर्षा-दोन वर्षांत फोड परत येतात, म्हणून तिथे खर्च धरायचा तो नीट खरवडून केलेल्या कामाचा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. २०१८ च्या गाडीवर असे टायर असतील तर ते पहिलेच आहेत, नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर कडक झालेलं आहे, आणि मागच्या चाकांवर इतकी ताकद जाणाऱ्या गाडीत पावसात ते जिवावर बेततं. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत, १९ इंची. माझ्याकडे मागे असा संच बसवला तेव्हा चारांचं बिल सव्वा लाखाच्या पुढे गेलं होतं. तुम्ही तुमच्या टायरवाल्याकडून आजचा भाव लिहून घ्या.

आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर ‘का सुरू केली होती’ हे विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची तयारी ठेवायची. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी) शून्य आहेत एवढ्यावर खूश होऊ नका. त्याच स्कॅनरवर रेडीनेस मॉनिटर दिसतात, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात की नाही ते. ते बरेचसे अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. मग निदान शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा बघावं लागतं.

गाडी लिफ्टवर घ्या. जमिनीपासून उंची जेमतेम १३७ मिलिमीटर आणि आपले गतिरोधक कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. खालचे ओरखडे सगळ्यांना असतात, त्याचे पैसे मागू नका. चेपलेली पाइपलाइन, तेलाचा ओघळ, वाकलेलं माउंटिंग याचे मागा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचा सगळा आतला भाग धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहून जाते.

सुट्या भागांचं गणित भावात धरायलाच हवं. इंजिन-गिअरबॉक्सचे भाग अमेरिकेत मुबलक आहेत, ती चिंता मोठी नाही. अडचण उजव्या हाताच्या स्टिअरिंगशी जोडलेल्या भागांची. स्टिअरिंग रॅक, डॅशबोर्ड असले भाग अमेरिकन गाडीचे चालत नाहीत, ते इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातून शोधावे लागतात. म्हणून अशा एखाद्या भागात दोष दिसला तर किंमत आणि मिळायला लागणारे महिने, दोन्ही धरा.

आता बोलणी. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांबरोबर मी ठाण्यात अशीच मस्टँग बघायला गेलो होतो. मालक ५७ सांगत होते. डॉक्टरांनी गाडीत बसण्याआधीच ‘४८ ला देता का’ म्हणायचं ठरवलं होतं, मी त्यांना थांबवलं. दीड तास गाडी बघितली. टायर २०१७ चे, बॉनेटच्या कडेला फोड, मागचा बंपर दुसऱ्यांदा रंगवलेला, मोठी सर्व्हिस राहिलेली. मी मालकांना आधी सांगितलं की इंजिन उत्तम आहे, फाईल अशी नीट ठेवलेली क्वचित दिसते. ते खरंच होतं, म्हणून सांगितलं. मग त्यांच्याच पार्किंगमध्ये, गाडीच्या शेजारी उभं राहून वहीच्या पानावर एकेक काम आणि त्यासमोर रुपये लिहिले. बंपरबद्दल ते म्हणाले, मुलीने रिव्हर्स घेताना भिंतीला टेकवला होता, आणि त्यांनी बिल आणून दाखवलं. मी तो आकडा त्यांच्यासमोर खोडला. पानावर २ लाख ८० हजार उरले. त्यांनी पान हातात घेतलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, आणि ‘५४ ला घेऊन जा’ म्हणाले. डॉक्टर आणखी एक लाखासाठी अडले होते. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की आता ताणू नका. त्या मालकांनी पुढे दोन्ही किल्ल्या, कव्हर, आणि मूळ एक्झॉस्टचे काढून ठेवलेले भागसुद्धा माळ्यावरून शोधून दिले. एका लाखासाठी माणूस दुखावला असता तर यातलं काही मिळालं नसतं.

तुम्हीही असंच करा. ५० किंवा ५२ हे हवेतले आकडे आहेत. मालक विचारणार ‘कशावरून?’ आणि तुमच्याकडे उत्तर नसणार. कामांची यादी, प्रत्येकासमोर टायरवाल्याचा किंवा गॅरेजचा लेखी भाव, आणि त्याने बिल दाखवलं तर आकडा खोडायची तयारी. इतकं करून पानावर ८० हजारच उरले तर ८० हजारच कमी मागा. इतक्या नीट ठेवलेल्या गाडीला पूर्ण पैसे देण्यात तुमचं नुकसान नाही, पुढच्या तीन वर्षांत ती ते परत देते. उलट यादी सहा लाखांची झाली तर मालक कितीही खाली आला तरी मी नको म्हणेन. जिथे सहा लाखांचं दिसतंय तिथे न दिसणारं आणखी असतं.

दलालाच्या ‘आजच टोकन’ला एकच उत्तर द्या: तपासणी झाल्याशिवाय पैसे नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाइकाला जरूर द्या. आणि शक्य असेल तर मालकाशी स्वतः बोला. दलालाची दलाली किती आणि कोण देणार हे आधी विचारा, नाहीतर ती सौद्याच्या शेवटी तुमच्या बाजूला येऊन बसते.

वेळेचाही फरक पडतो. पितृपंधरवड्यात आणि भर पावसात अशा गाडीला फारसं कोणी विचारत नाही, दसऱ्याच्या आधी मात्र मालकाचा आवाज चढतो. बंगळुरूच्या मालकाला पितृपक्षाचं किती वाटतं ते त्याच्यावर अवलंबून, पण जानेवारी लागला की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते हे कोणालाच चुकत नाही. घाईची गरज कोणाला जास्त आहे तेही पाहा. मालक परदेशी चाललाय, नवी गाडी बुक केली आहे, तर तो लवकर आणि खात्रीच्या पैशांसाठी थोडं सोडतो. त्याला कसलीच घाई नसेल तर पानावरच्या आकड्यापलीकडे काही मिळेल अशी आशा ठेवू नका.

पैसे देण्याबद्दल मात्र मी कठोर आहे, कारण मी स्वतः पोळलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी परराज्यातली एक टू-सीटर घेतली, भाव मनासारखा मिळाला म्हणून आनंदात सगळे पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो. मागाहून कळलं की आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलेला नाही. कर्ज फिटलं होतं पण कागद झाले नव्हते, आणि मालक फोन उचलेना. गाडी माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले, तोवर ती गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून उभी होती. मी त्या भावात मिळवलेले दीड लाख त्यात केव्हाच गेले.

म्हणून टोकन म्हणून ५० हजार ते लाखभर, बँकेतूनच, आणि त्याची पावती. पावतीवर गाडीचा चॅसी नंबर, ठरलेला भाव, कराचा परतावा कोणाचा, आणि ‘एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) न मिळाल्यास टोकन परत’ हे वाक्य. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. सगळे ई-चलन भरलेले. मग फॉर्म २८ ची एनओसी नाशिक आरटीओच्या नावाने निघाली आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या की उरलेले पैसे. एनओसीला काही आठवडे लागतील. मालक तोवर थांबायला तयार नसेल तर मोठा हिस्सा देऊन निदान तीन-चार लाख एनओसीपर्यंत राखून ठेवा. रोखीत काही मागितलं तर स्पष्ट नाही म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि रोखीत दिलेले पैसे तुमच्या पावतीवर कधीच दिसणार नाहीत. गाडी तुमच्या नावावर झाली की विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या.

मालकाकडून इन्व्हॉइस, पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं आली की मला दाखवा. तारखा-किलोमीटरचा तक्ता मी लावून देतो, आणि बंगळुरूला माझ्या ओळखीचा तपासणारा आहे, तो लिफ्टवर घेऊन बघेल. त्याआधी दलालाला एक रुपयाही पाठवू नका.